केरसुणी

माहुल रोडला, रिफायनरीच्या भिंतीला पाठ लावून
आमचा पंप उभा आहे.
अजून एकही गाडी आलेली नाही.
फलक मात्र लागला, हिरवागार, दोन भाषांत,
आणि कावळ्याने त्यावर आपली सही केलीय.

पास्कल घोन्साल्विस पहिल्या दिवशी हजर झाले
तेव्हा पिशवीत डबा, चष्म्याचं घर
आणि शिंदीच्या पानांची एक केरसुणी.
खतकारखान्यात एकतीस वर्षं काढलेला वसईचा माणूस,
निवृत्तीनंतर परत बोलावलेला.
मला वाटलं, घरची वस्तू चुकून आली.
"ह्याची ज्योत दिवसा दिसत नाही पोरी.
धूर नाही, वास नाही, काजळी नाही.
सरळ तिच्यात चालत जाशील.
म्हणून ही पुढे धरायची.
ही पेटली, की थांबायचं."

माझ्या टॅबलेटवर अठ्ठेचाळीस सेन्सर हिरवे लुकलुकत होते.
त्यांनी टॅबलेटकडे पाहिलं,
सासरा नव्या जावयाकडे बघतो तसं.

ते हायड्रोजन म्हणत नाहीत.
उदजन म्हणतात. शाळेच्या जुन्या पुस्तकातला शब्द,
पोटात उदक घेऊन बसलेला.
मी इंग्रजी माध्यमातली;
मला तो कुणाच्या तरी आजोळचा पाहुणा वाटला:
उदजन आले का? बसा. पाणी घ्या.

नागपूरचं खातं विचारतं, भिंतीपासून अंतर किती?
अग्निशमनवाले विचारतात, छप्पर का नाही?
(छप्पर नाही, कारण हा वर पळतो,
आढं दिसलं की तिथेच दबा धरतो.)
बसवाले विचारतात, पंप कधी?
आम्ही विचारतो, बस कधी?
दोन वर्षं अशी गेली:
आधी वऱ्हाड निघावं की आधी मांडव पडावा
म्हणून दोन्ही घरं उंबऱ्यातच उभी.

तेवढ्यात खाडीची हवा नटबोल्ट चाटून गेली.
पास्कलनी टेबलावर नळीचा तुकडा ठेवला,
वरून चकचकीत, आतून तडकलेला.
"पोलादात शिरतो तो. जागा नसली तरी शिरतो.
हा तुकडा बघ, किती सज्जन दिसतो.
एके दिवशी बोलता बोलता मोडला."

चाचणीची दुपार.
दाब साडेतीनशेच्या दिशेने चढत होता,
सेन्सर हिरवे, वारा खाडीकडे,
आणि मी नळ्यांच्या रांगेतून
हातभर केरसुणी पुढे धरून चालले होते,
स्वतःचं हसू दाबत.
पहिली जोडणी. दुसरी. पाचवी.
सातव्या जोडणीपाशी
केरसुणीचं टोक
नाहीसं झालं.

आवाज नव्हता. आधी लाल कडा,
मग शिंदीचा जळका वास,
मग पास्कलचा हात लाल बटणावर.
माझे पाय
केरसुणीएवढ्या अंतरावर उभे.

सेन्सर अजून हिरवेच होते.

गेटवरची मालन ठोंबरे दुसऱ्या दिवशी आली,
उरलेल्या बुडख्याला हळदकुंकू लावलं,
"लक्ष्मी आहे, जमिनीवर नको," म्हणून खिळ्याला टांगलं.
पास्कल काही बोलले नाहीत.
फक्त खिळा जरा आत ठोकला.

पहिली बस गुरुवारी आली.
चालक इरफान मुकादम खाली उतरला,
मागे डबकं बघून म्हणाला,
"एसी गळतोय का?"
"नाही," मी म्हटलं, "हा तिचा धूर."
त्याने बोट बुडवून पाहिलं,
मग पँटला पुसलं. पटलं नसावं.

संध्याकाळी भांडारचा फॉर्म भरायला घेतला.
वस्तू: केरसुणी, शिंदीची. नग: दोन.
वापर: सुरक्षा.
भांडारप्रमुखाने फोन केला:
मॅडम, सुरक्षेत केरसुणी बसत नाही,
सफाईत टाका, आज मंजूर करतो.

मी सफाईत टाकलं नाही.
फॉर्म अजून त्यांच्याकडेच आहे.
तोवर पास्कल वसईहून, घरची आणतात.